बोर्डावर साठ, गाडीत अठ्ठावीस

मे महिन्यात ठाण्याहून मालवणला इलेक्ट्रिक गाडी घेऊन गेलो, पहिल्यांदाच, आणि बाबा शेजारी बसलेले म्हणजे परीक्षाच. चिपळूणच्या पुढे एका हॉटेलच्या आवारात चार्जिंगला थांबलो तेव्हा बॅटरी १२ टक्के. चार्जिंगच्या मशीनवर मोठ्ठं ६० किलोवॅट लिहिलेलं, म्हणजे चार्जिंगचा वेग, पण गन (केबलचं गाडीत खुपसायचं टोक) लावली तर स्क्रीनवर २८. काढून परत लावली, तरी २८. बाबा म्हणाले, "पेट्रोल एव्हाना भरून झालं असतं." मी तिथल्या पोराशी भांडायच्याच तयारीत होतो तेवढ्यात बाजूच्या गनवर गाडी लावून बसलेले, गावाला चाललेले एक काका म्हणाले, "अरे बाजूक गाडी लागली काय पावर वाटून जाता." म्हणजे ६० हा दोघांचा मिळून आकडा! काका निघाले आणि आमचा आकडा सरळ ५० वर. मी उगाच त्या पोरावर डाफरलो होतो थोडा, मग जाताना सॉरी म्हटलं.

पण खरी गंमत कुडाळजवळ. मशीनवर आम्ही एकटेच, तरी ३५ च्या वर जाईना. कारणं दोन, दोन्ही माझीच. एक तर भर दुपारी हायवेवर गाडी दामटवत आणलेली, बॅटरी तापलेली, त्यामुळे गाडीच करंट कमी मागत होती, बॉनेटखाली पंखा नुसता घोंघावत होता. (थंडीतही असंच होतं म्हणे, गार बॅटरीत जोरात करंट घुसवला तर सेल खराब होतात, पण कोकणात ती काळजी कुणाला.) आणि दुसरं म्हणजे भीतीपोटी मी बॅटरी ६५ टक्के शिल्लक असतानाच चार्जिंगला थांबलेलो. रिकामी कळशी नळाखाली धडाधड भरते, गळ्याशी आली की धार बारीक करावी लागते, नाहीतर बाहेर सांडतं, बॅटरीचंही तेच. ८० नंतर तर १८ किलोवॅट. तरी मी हट्टाने बसून राहिलो आणि मागे एक गाडी ताटकळत होती, त्यातल्या बाईंच्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं होतं, मग ८४ ला गन काढली. निघालो तसे दोघांनी दोन दोन ग्लास सोलकढी ढोसली, डोकं जरा गार झालं.

त्यापुढे मी एवढंच केलं, बॅटरी १५-२० वर आली की थांबायचं आणि ८० ला उठायचं. दोन छोटे थांबे एका मोठ्या थांब्यापेक्षा लवकर उरकतात, परतताना घड्याळ लावून बघितलं.

मालवणात होमस्टेच्या मालकांनी १५ अँपिअरचा प्लग दिला, तीन किलोवॅटच्या आसपास, रात्रभर लावून ठेवली. सकाळी गाडी फुल्ल, आणि मालक चहाबरोबर मीटरचं आदल्या रात्रीचं रीडिंग लिहिलेला कागद घेऊन हजर.