चावलेली पक्कड

लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात गॅसवरचं दूध वर आलं आणि बायको ओरडली, "अहो, पक्कड द्या, पक्कड!" मी धावत जाऊन हत्यारांच्या पेटीतली आठ इंची पक्कड काढली आणि तिच्या हातात ठेवली. दूध अर्थातच उतू गेलं. तिच्या माहेरी सांडशीला पक्कड म्हणतात आणि आमच्याकडे पक्कड म्हणजे तार कापायची, हे त्या दिवशी दोन्ही पक्षांना कळलं. आता ती "ओट्यावरची पक्कड" आणि "तुमची ती भंगारातली पक्कड" असा स्वच्छ फरक करते.

भंगारातली हे मात्र खरंच. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे ताडपत्रीवर पान्हे, दाराच्या कड्या, स्कूटरचे कार्बोरेटर आणि एकाच पायातले बूट यांचे ढीग लागलेले असतात. त्यात हात घालून पकडी, साइड कटर, पत्रा कापायच्या कात्र्या, खिळे उपटायचे जंबूर असं काय काय मी उपसत बसतो. घरी आत्तापर्यंत एकेचाळीस नग झालेत. बायकोच्या मोजणीत सत्तेचाळीस, पण ती तुटकेही धरते.

पक्कड निवडायची माझी पद्धत ठरलेली आहे. आधी उघडझाप करून बघायची. सांधा करकरला तर हरकत नाही, तो गंज आहे, दोन दिवस घासलेटात बुडवून ठेवली की सुटतो. सांधा डावी-उजवीकडे डुगडुगला तर मात्र खाली ठेवायची. डुगडुगत्या सांध्याला घासलेट काय करणार? मग जबडा मिटून ती उन्हासमोर धरायची. धारेच्या जागी चंद्रकोरीसारखा उजेड दिसला की समजायचं, इथे कुणीतरी पोलादी तार कापायचा हट्ट केलाय. शेवटी खिशातली तांब्याची तार काढून कापायची. चांगली पक्कड 'टक्' म्हणते. वाईट पक्कड काहीच म्हणत नाही, तार नुसती चेपते. भंगारवाला हे सगळं डॉक्टरकडे पाळीवर बसल्यासारखा बघत असतो आणि मी तार खिशात टाकली की भाव वीस रुपयांनी वाढवतो. माझ्या तोंडावर दिसत असणार.

अंगावर काय कोरलंय ते मी घरी येऊन वाचतो. बाजारात वाचायला लागलं की भाव आणखी चढतो. 'वेस्ट जर्मनी' असेल तर ती 1949 ते 1990 मधली, कारण त्याच्या आधी आणि नंतर त्या नावाचा देशच नव्हता. एकीवर गंजाखालून बाणाच्या टोकासारखी खूण निघाली आणि शेजारी 1944. हा बाण म्हणजे ब्रिटिश सरकारी, बहुतेक लष्करी मालाचा शिक्का. कुठल्या तरी सिग्नलवाल्याच्या कमरेला लटकून ती इथवर आली असेल, असं मी म्हणतो. "किंवा कुणीतरी डेपोतून ढापली असेल," असं बायको म्हणते. दोन्ही खरं असायला हरकत नाही. या जुन्या इंग्रजी पकडींना सांध्याच्या दोन्ही कडांना एकेक खाच असते, जाड तार तिथे घालून कातरायची. हल्लीच्या पकडींत ती खाच फारशी दिसत नाही. नाशिकची पक्कडही माझ्याकडे आहे. स्वीडनच्या कंपनीच्या तांत्रिक सहकार्यानं 1969 साली तापारियाचा कारखाना सुरू झाला, आणि आपल्याकडच्या निम्म्या वायरमनांच्या तोंडी पक्कड म्हणजे तेच नाव बसलं. ही परदेशी नाही म्हणून संग्रहाच्या मागच्या रांगेत असते, आणि काम निघालं की सगळ्यात आधी तीच बाहेर येते.

शाळेत तरफेचा धडा होता. पक्कड पहिल्या प्रकारची, टेकू मध्ये, अडकित्ता दुसऱ्या प्रकारचा, टेकू टोकाला आणि सुपारी मधल्यामध्ये, चिमटा तिसऱ्या. परीक्षेपुरतं पाठ केलं आणि विसरलो. मुठीत वीस किलोचा जोर आहे, मूठ सांध्यापासून 12 सेंटिमीटरवर आहे आणि तार 2 सेंटिमीटरवर, तर तारेवर 120 किलो पडतात, हे गणित पुष्कळ वर्षांनी, एक मस्तवाल खिळा कापताना दंडाला समजलं. तोच खिळा मी आधी जबड्याच्या टोकाजवळ धरून दात-ओठ खात होतो.

आता वडिलांच्या पकडीबद्दल. तिच्यावर कसलंही नाव उरलेलं नाही. वडील वायरमन होते. मुठीवर लाल-पिवळं इन्सुलेशन, हजार व्होल्टचा आकडा आणि दुहेरी त्रिकोण हे सगळं नंतरचं. त्यांच्या मुठींवर सायकलच्या ट्यूबचे तुकडे चढवलेले. ते चढवताना आत टाल्कम पावडर टाकत, म्हणून कितीतरी वर्षं त्या पकडीला घाम आणि पावडर असा मिश्र वास यायचा. तिच्या धारेत, सांध्याकडच्या बाजूला, एक गोल खाच आहे, उंदरानं बिस्किटाचा कोपरा कुरतडावा तशी. दोन्ही पात्यांवर समोरासमोर अर्धे गोल. पक्कड मिटली की मधून तुरीच्या डाळीएवढं भोक दिसतं. कडा वितळून गुळगुळीत झालेल्या, भोवती काळपट डाग.

ही खाच वडिलांनी पाडली ती एका लग्नाच्या मांडवात. मेन बंद केलाय असं कुणीतरी सांगितलं होतं. त्यांनी दोन पदरी वायर एकदम कापली; दोन्ही तारा एकाच वेळी पात्यात आल्या, ठिणगीचा गोळा उठला, फ्यूज उडाला, आणि मांडवभर अंधार. वडिलांच्या भुवया गेल्या. त्या रबरी ट्यूबांनी हात वाचवला. आई हा प्रसंग सांगायची तेव्हा शेवट नेहमी एकच असायचा: "आणि घरी आल्यावर विचारतात काय, तर पक्कड बघू." त्या दिवसानंतर ते कुणाच्याही सांगण्यावर विसंबले नाहीत, स्वतः टेस्टर लावत. पण पक्कड टाकली नाही. त्या भोकात वायर धरून, मूठ अलगद दाबून ओढली की वरचं प्लास्टिक मोज्यासारखं निघून यायचं आणि आतल्या तांब्याला ओरखडासुद्धा नाही.

बाजारातल्या पकडींत ही खाच इतक्यांदा दिसते की आता मी ती बघून जबडा उन्हासमोर धरायचंही सोडून देतो. धारवाल्यानं धार घासून घासून जबडा निमुळता केलेला असतो, कुणी पकडीनंच खिळे ठोकून तिचं गालफड चेपवलेलं असतं.

चूक मीही करून ठेवली आहे, तीही आत्याच्या अडकित्त्यावर. मोर-पोपट काही नसलेला साधा लोखंडी अडकित्ता. जेवणानंतर ती खांड कातरायला बसली की चुरा पडायचा, म्हणून धार लावून आणतो म्हणालो. निसण्यावर अर्धा तास घासून झालं असतं. पण घरी नवा ग्राइंडर आला होता. ठिणग्या अशा सुरेख उडत होत्या की थांबवेना. पातं बाजूला घेतलं तर धारेवर मोरपंखी निळा रंग. मला तो आवडलासुद्धा! आत्याला परत दिला, आणि तिसऱ्या दिवशी फोन आला, "अरे, तू धार लावलीस की काढलीस?" सुपारीवर पातं चक्क वळत होतं.

त्या निळ्याचा अर्थ मला रस्त्याकडेला पाल ठोकून बसलेल्या एका घिसाड्यानं सांगितला. पात्याकडे एकदा बघून म्हणाला, "पाणी उतरलं की ह्याचं." पोलाद साधारण 300 अंशांवर गेलं की निळं होतं आणि तेवढ्यानं धारेची कठीणता जाते, हे मी नंतर वाचलं. त्याच्याकडे थर्मामीटर नव्हता. रिव्हेट ठोकून त्यानं पातं वेगळं केलं, भट्टीत लाल केलं, आणि नुसती धार पाण्यात बुडवली, पाठ बाहेर. मग चटकन वर काढून विटेच्या तुकड्यावर घासली. उजळलेल्या लोखंडावर पाठीकडची धग धारेकडे सरकत होती आणि तिच्यापुढे रंग सरकत होते. धारेवर गवती पिवळा आला, त्याच्यामागून तांबूस दिसायला लागला, तोच त्यानं अख्खं पातं पाण्यात सोडलं. सगळा कारभार विडी ओढायला लागतो तेवढ्या वेळात. "आता मशिनवर नको लावू," एवढंच म्हणाला. घण मारणारी त्याची बायको मात्र हसली.

अडकित्ते बघायचेच असतील तर राजा केळकर संग्रहालयात. दिनकर केळकर यांनी चष्म्याचं दुकान सांभाळत गावोगाव हिंडून ते जमवले. मोर आहेत, पोपट आहेत, घोडे आहेत, एकेकापुढे माणूस खिळून राहतो. मी मात्र काचेला नाक लावून धार बघायचा प्रयत्न करतो आणि रखवालदार मागे सरकायला सांगतो.

गेल्या महिन्यात पंख्याचं कनेक्शन बदलायला एक तरुण वायरमन आला होता. पक्कड गाडीत राहिली म्हणाला, गाडी लांब लावलेली. मला तर आनंदच झाला. घासून-पुसून, शिवणयंत्राचं तेल घालून ठेवलेली वेस्ट जर्मनीची माझी पक्कड मी ट्रेमध्ये चहा आणावा तशी आणली. त्यानं ती उघडली, मिटली, "मस्त आहे काका," म्हणाला आणि स्टुलावर ठेवून दिली. पेटी उघडीच होती. त्यात वाकून त्यानं ट्यूब चढवलेली ती काळी पक्कड उचलली, खिडकीकडे धरून धारेतलं भोक पाहिलं, वायर त्यात घालून एक हिसका दिला. प्लास्टिकची नळी अख्खी सुटून फरशीवर पडली.

"काका, ही विकणार का?"