दुबार गाण्यांची छाटणी: तिसऱ्या फेरीच्या मध्यावरची नोंद

संग्रहातील दुबार गाणी काढण्याचे काम हाती घेतले तेव्हा एकूण २१,४६० फायली होत्या. आज त्या १८,८८६ आहेत. काढलेल्यांपैकी बहुतेक फायली पहिल्या दोन संध्याकाळींतच निघाल्या. पुढचे सहा आठवडे दोन फायली ‘एकच’ आहेत म्हणजे नेमके काय, हे ठरवण्यात गेले.

पहिल्या फेरीत फक्त बाइट-न्-बाइट सारख्या असलेल्या फायली पाहिल्या. संगणक बदलताना आणि फोनवरून परत घेताना झालेल्या या निव्वळ प्रती होत्या. दुबार फायली शोधणाऱ्या डुपगुरू या प्रोग्रामने १,३१२ फायली दाखवल्या आणि त्या मी न ऐकता काढल्या, कारण हॅश, म्हणजे फाइलीतल्या बाइटांवरून काढलेली आकडी खूण, जुळल्यावर ऐकण्यासारखे काही उरत नाही.

दुसऱ्या फेरीचे कारण टॅग, म्हणजे गाण्याचे नाव, गायक अशी फाइलीतच लिहिलेली माहिती. एमपी३ फाइलीत आयडी३ या टॅग-पद्धतीची पहिली आवृत्ती शेवटच्या १२८ बाइटांत बसते, तर दुसरी आवृत्ती साधारणपणे फाइलीच्या सुरुवातीला असते. त्यामुळे गायकाच्या नावातले एक अक्षर सुधारले तरी आतला आवाज जसाच्या तसा राहून संपूर्ण फाइलीचा हॅश मात्र बदलतो. म्हणून टॅग वगळून केवळ ध्वनिप्रवाहाचा हॅश काढावा लागतो, आणि ते काम एफएफएमपेग या ध्वनी-चित्रफायली हाताळणाऱ्या प्रोग्रामकडून करून घेतले. फ्लॅक, म्हणजे दर्जा न घटवता दाबलेल्या फायली, यांच्या बाबतीत हा खटाटोपही वाचतो, कारण मूळ, न दाबलेल्या ध्वनीचा एमडी५ हा हॅश फाइलीच्या शीर्षभागातच नोंदलेला असतो आणि दोन प्रती वेगवेगळ्या कॉम्प्रेशन पातळीवर केलेल्या असल्या तरी तो जुळतो. मात्र काही फायलींत त्या जागी नुसती शून्ये असतात. त्या एकमेकींशी ‘जुळल्या’ असे समजून काढून टाकण्याआधी हे तपासावे. या फेरीत ८७४ फायली गेल्या.

इथपर्यंत सारे यंत्रावर सोपवता आले आणि त्याच भरात माझ्याकडून चूक झाली. तिसऱ्या फेरीच्या आरंभी, एकाच गाण्याच्या प्रतींपैकी आकाराने मोठी ठेवावी आणि लहान काढावी, असा सरसकट नियम मी लावला. दोन दिवसांनी हेडफोनवर एक गाणे ऐकताना झांजेचा आवाज वाळू चाळल्यासारखा येऊ लागला. माहितीत बिटरेट, म्हणजे सेकंदामागे वापरलेला डेटा, ३२० केबीपीएस असे लिहिले होते. परंतु स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजातले खालचे-वरचे स्वर वेळेनुसार दाखवणारे चित्र, उघडला तर १६ किलोहर्ट्झच्या वर पट्टा सुरीने कापावा तसा काळाभोर होता. याचा अर्थ असा की कोणी तरी आधीच कमी बिटरेटने दाबलेली फाइल पुन्हा ३२० वर चढवून ठेवली होती, आणि तिच्यापायी १९२ केबीपीएसची प्रामाणिक प्रत मी हटवली होती. आणखी काही फायली तर केवळ आत भरलेल्या मुखपृष्ठाच्या चित्रामुळे जाड झाल्या होत्या. सुदैवाने हटवलेल्या फायली मी महिनाभर वेगळ्या फोल्डरात ठेवतो, त्यामुळे सगळ्या परत आणता आल्या. आकार आणि बिटरेट यांना मी आता फक्त साक्षीदार मानतो. निकाल स्पेक्ट्रोग्राम आणि कान देतात.

तिसऱ्या फेरीचा पाया ध्वनिठसा हा आहे. क्रोमाप्रिंट ही प्रणाली गाण्यातील बारा स्वरांच्या पट्ट्यांची कालानुसार होणारी हालचाल टिपून ठसा बनवते, त्यामुळे एमपी३ आणि फ्लॅक, किंवा वेगळे बिटरेट, यांच्यापलीकडे जाऊन तेच ध्वनिमुद्रण ओळखता येते. पण यातही एक मेख आहे. ठसा काढणारी आज्ञा काही बदल न करता चालवली, तर ती गाण्याचे पहिले १२० सेकंदच पाहते. माझ्याकडे एकाच गाण्याची ४ मिनिटे १२ सेकंदांची आणि ६ मिनिटे ४७ सेकंदांची अशी दोन रूपे आहेत; पहिली दोन मिनिटे हुबेहूब सारखी, फरक आहे तो नंतरच्या लांबवलेल्या वाद्यमेळात. ठशाच्या दृष्टीने ती जुळी ठरली. तेव्हापासून ठसा जुळूनही कालावधीत तीन सेकंदांहून जास्त फरक असला, तर तो गट मी बाजूला काढतो. गायनासह असलेले गाणे आणि त्याचाच गायनाविना ट्रॅक यांचीही गल्लत एकदा झाली, आणि तिथे कालावधीही कामाला आला नाही, ऐकावेच लागले.

नावांवरून शोधण्याचा मार्ग मी केवळ पूरक म्हणून ठेवला आहे. देवनागरीत टॅग लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी: ‘दुसऱ्या’ यातला ऱ स्वतंत्र अक्षर म्हणूनही साठवता येतो आणि र अधिक नुक्ता (अक्षराखालचा टिंब) असाही, आणि पडद्यावर दोन्ही सारखेच दिसले तरी साध्या तुलनेत ती दोन वेगळी नावे ठरतात. युनिकोडचे एनएफसी रूप, म्हणजे अशा पर्यायी लेखनांचे एक ठरलेले रूप, करून घेतल्यावर या दोन्ही नोंदी एकत्र येतात, परंतु र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून लिहिलेले नाव तरीही वेगळे पडते; ते मला हातानेच सुधारावे लागले.

ठशांवरून १,६४० संशयित गट मिळाले, त्यांपैकी ६१२ तपासून ३८८ फायली काढल्या. बाकी गटांत बऱ्याच ठिकाणी एकच ध्वनिमुद्रण मूळ अल्बममध्ये आणि निवडक गाण्यांच्या संकलनात असे दोनदा येते, आणि ते मी काढणार नाही. संकलनातून चौथे गाणे गायब झाले, तर त्याचा क्रम लावणाऱ्याची मेहनत वाया जाते, आणि चार-पाच मेगाबाइट वाचवण्यासाठी ते मला पटत नाही. नव्याने मास्टर केलेल्या, म्हणजे आवाज पुन्हा नीट करून काढलेल्या, आवृत्त्यांनाही हाच न्याय आहे.

एम३यू प्लेलिस्टमध्ये फाइलीचा मार्गच लिहिलेला असतो, त्यामुळे काढलेल्या प्रतीकडे बोट दाखवणाऱ्या ओळी मुक्या झाल्या आहेत. पुढच्या आठवड्यात उरलेल्या १,०२८ गटांना हात लावण्याआधी, काढलेला मार्ग आणि ठेवलेला मार्ग अशी दोन रकान्यांची यादी करून सर्व प्लेलिस्ट दुरुस्त करणार आहे.