एच. पायलोरी गेला एकदाचा! माझा अनुभव

एच. पायलोरी म्हणजे जठरात राहणारा, अल्सर करणारा जंतू. चार वर्षं मी त्याच्या त्रासाला ॲसिडिटीच म्हणत होते. रात्री दोन-अडीचला बेंबीच्या वर आग पडल्यासारखं दुखायचं, उठून दूध-बिस्किट खाल्लं की शांत, आणि चतुर्थीच्या उपासाला तर हमखास. रोज सकाळी पॅन्टोप्राझोल, ॲसिड कमी करणारी गोळी, ठरलेली, मेडिकलवाला चिठ्ठीसुद्धा मागायचा नाही. मग मागच्या वर्षी जिना चढताना धाप लागायला लागली, हिमोग्लोबिन आलं 8.1, आणि मिरजेच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, शी डांबरासारखी काळी होते का? होत होती की! महिनाभर! मला वाटलेलं खाण्यातलं काहीतरी असेल, आणि असलं कुणाला सांगायचं म्हणून गप्प बसले. तुम्ही बसू नका, ते आतलं रक्त असू शकतं.

एंडोस्कोपीला, म्हणजे तोंडातून नळी घालून पोट आतून बघतात त्याला, फार घाबरलेले. घशात स्प्रे मारतात, डाव्या कुशीवर झोपवतात, दातात प्लॅस्टिकचं कडं, उमासे येतात, डोळ्यातून पाणी येतं, पण नाकाने सावकाश श्वास घेत राहिलं की निभतं, पाच-सात मिनिटांचं काम. लहान आतड्याच्या तोंडाशी अल्सर, म्हणजे जखम, निघाला. जठरातला तांदळाच्या कणीएवढा तुकडा त्यांनी पिवळ्या जेलीत टाकला आणि थोड्या वेळाने ती जेली गुलाबी झालेली मला दाखवली. हा जंतू युरियापासून अमोनिया तयार करतो, त्यामुळे रंग बदलतो, आणि जठरातल्या ॲसिडमध्ये तो जगतो तोही याच अमोनियाच्या जोरावर.

मला तेव्हा दादा आठवले, माझे वडील. 1983 ला मिरजेतच त्यांचं अल्सरचं ऑपरेशन झालं, ॲसिडची नस कापून जठर आतड्याला जोडलं होतं. तुमचा स्वभाव तापट, तिखट सोडा, असंच त्यांना सगळे सांगायचे आणि दादा शेवटपर्यंत म्हणायचे, माझ्या रागानंच मी हे ओढवून घेतलं. घरी येऊन वाचत बसले तर कळलं की त्याच सुमारास ऑस्ट्रेलियात पर्थला बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन याच जंतूच्या मागे होते. 1982 मध्ये ईस्टरच्या सुट्टीमुळे जंतू वाढवायच्या प्लेटा नेहमीपेक्षा जास्त दिवस तशाच राहिल्या आणि जंतू उगवला. कुणी विश्वास ठेवेना तेव्हा 1984 मध्ये मार्शल तो जंतू स्वतः प्यायले, काही दिवसांत उलट्या सुरू, जठराला सूज. नोबेल मिळालं 2005 ला. वाचताना रडूच आलं मला. दादांच्या रागाचा काही संबंध नव्हता हो.

औषधं 14 दिवस, दोन अँटिबायोटिक आणि ॲसिडची गोळी, तोंड कडू जहर. एकही डोस चुकवला नाही. नंतर श्वासाची टेस्ट, आधी एका पिशवीत फुंकायचं, मग युरिया घेऊन अर्ध्या तासाने दुसरीत, तत्त्व तेच जेलीचं. फक्त अँटिबायोटिक संपून चार आठवडे आणि पॅन्टोप्राझोल बंद करून दोन आठवडे झालेले पाहिजेत, नाहीतर जंतू दबलेला असतो आणि रिपोर्ट खोटाच निगेटिव्ह येतो.

माझा पॉझिटिव्ह आला! इतकं करून. डॉक्टर म्हणाले, आपल्याकडे क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकला हा जंतू बऱ्याचदा दाद देत नाही. दुसऱ्या वेळी बिस्मथ, टेट्रासायक्लिन, मेट्रोनिडाझोल, परत 14 दिवस, दिवसातून चार वेळा. तोंडात नाणं धरल्यासारखी चव, पाचव्या दिवशी वाटलं सोडून द्यावं, आणि टेट्रासायक्लिन दुधाबरोबर चालत नाही म्हणून चहाचीही वेळ बदलली. शी परत काळी झाली तेव्हा पोटात गोळाच आला माझ्या, फोन केला तर कळलं ते बिस्मथमुळे. हे आधी सांगायला हवं होतं असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं.

यावेळी निगेटिव्ह. हिमोग्लोबिन 11.9. बरं वाटलं म्हणून टेस्ट न करता बसले असते तर जंतू तसाच राहिला असता.

हा जंतू बहुतेकदा लहानपणीच घरातल्या घरात लागतो. माझा मोठा भाऊ कायम म्हणतो, आपल्या घराण्यातच ॲसिडिटी आहे. डॉक्टरांना विचारून सोमवारपासून त्याची गोळी बंद केलीय, दोन आठवडे झाले की त्याला घेऊन फुंकायला जातेय.