छातीवरचं उलटं स्वस्तिक

आमच्या ठाण्याच्या घरी बाहेरच्या खोलीत माझा एक जुना फोटो आहे, २००३ सालचा, ओसाकातला. पाहुणे चहाचा कप घेऊन त्याच्यापुढे थांबतात आणि प्रश्न येतोच : "कराटेच्या ड्रेसवर आपलं स्वस्तिक कसं? आणि तेही उलटं?" परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर सांगतो.

मुळात ते कराटे नाही. शोरिंजी केम्पो, जपानी युद्धकलेचाच एक वेगळा प्रकार. चीनमधल्या शाओलिन मंदिराच्या नावाचा जपानी उच्चार शोरिंजी. हे शास्त्र उभं केलं सो दोशिन यांनी, १९४७ मध्ये, शिकोकू बेटावरच्या तादोत्सू गावात. जपान हरला तेव्हा ते मांचुरियात होते. सोव्हिएत फौजा आल्यावर कायदे, पदं, हुद्दे कसे कोलमडतात ते त्यांनी पाहिलं, आणि शेवटी सगळं माणसावर अवलंबून असतं, हे मनात घेऊन परतले. पोरांना नुसतं प्रवचन दिलं तर कोण बसणार? म्हणून आधी हातपाय चालवायला शिकवलं. आज जागतिक संघटनेचं मुख्यालयही तादोत्सूलाच आहे.

शाओलिनच्या एका भिंतीवर काळेसावळे आणि गोरे भिक्षू जोडीजोडीने सराव करताना रंगवलेत. सो दोशिन यांना त्यात भारतीय आणि चिनी भिक्षू दिसले. इथे आमचे काका हटकून म्हणतात, "म्हणजे हे आपलंच!" तसं नाही हो. बोधिधर्म या भारतीय भिक्षूने शाओलिनला युद्धकला नेली, या कथेवर इतिहासकारांचा फारसा भरवसा नाही, आणि मी जे शास्त्र शिकलो ते घडलं तादोत्सूत.

चिन्हाचं नातं मात्र खरं आहे. जपानीत त्याला मान्जी म्हणतात. बुद्धाच्या छातीवरची ही खूण. चिनी भाषांतरांत 'श्रीवत्स' या शब्दासाठीही ती येते. आपल्या विठोबाच्या छातीवर श्रीवत्सलांछन आहेच. जपानच्या नकाशावर बौद्ध मंदिर दाखवायलाही हेच चिन्ह. डावीकडे वळणारं ते ओमोते, म्हणजे सुलट, आणि त्याचा अर्थ करुणा. आपल्यासारखं उजवीकडे वळणारं ते उरा, म्हणजे उलट, आणि त्याचा अर्थ बळ. थोडक्यात, त्यांच्या लेखी उलटं आपलंच! संघटनेचं ब्रीद 'रिकी आई फुनी' : बळ आणि प्रेम दोन नव्हेत.

ब्रीद भिंतीवर वाचून मला काही कळलं नव्हतं. सराव कायम जोडीने. समोरच्याने मनगट धरायचं, आपण ते वळवून त्याला खाली न्यायचं. पहिल्या महिन्यात मी जोर लावला आणि माझा साठीचा जोडीदार कळवळला. शिक्षकांनी नुसतं माझं मनगट धरलं, दोन बोटं इकडची तिकडे केली, आणि मी चटईवर. पण पडताना त्यांनी माझा हात सोडला नव्हता. डोकं आपटू नये म्हणून वर ओढून धरला होता. मग दोघांनी नमस्कार केला. हो, तिथे कमरेत वाकत नाहीत, हात जोडतात. फक्त कोपरं बाहेर आणि बोटं डोळ्यांच्या उंचीला, कारण नजर समोरच्यावरून हटवायची नाही.

२००५ मध्ये मान्जी गेलं. हिटलरच्या चिन्हाशी गल्लत होते, युरोपातल्या शाखांना ते मिरवणं अवघड. म्हणून सगळीकडे एकच नवी खूण आली, एकमेकांत गुंतलेली दोन वर्तुळं. निर्णय योग्यच होता. मला मात्र अजून ती वर्तुळं एखाद्या बँकेची वाटतात.

जुना दोगी, म्हणजे सरावाचा तो ड्रेस, मी घरी आणला तेव्हा आजी होती. तिने चष्मा लावला, भरतकामावरून बोट फिरवलं. "उलटं आहे रे, अशुभ असतं." मी ओमोते, उरा, करुणा, सगळं समजावलं. तिने ऐकून घेतलं, दोगी आतून बाहेर उलटा केला आणि मागच्या टाक्यांकडे पाहिलं.

"हं, इकडून बरोबर आहे," म्हणाली. "धुवायला टाक आता, किती घामट वास येतोय."