‘कीचकवध’ बसवताना

ठाण्यातल्या आमच्या छोट्या नाट्यगटाने काही वर्षांपूर्वी ठरवले की, स्पर्धांसाठी दरवर्षी नवी एकांकिका शोधत बसण्याऐवजी एखादे जुने, आता केवळ ग्रंथालयात उरलेले नाटक रंगमंचावर आणायचे. ‘संशयकल्लोळ’, ‘एकच प्याला’ किंवा ‘मानापमान’ यांचे प्रयोग अधूनमधून होत असतात आणि त्यांना प्रेक्षकही मिळतो. पण याच नाटककारांची इतर कितीतरी नाटके परीक्षेच्या टिपणांत नावापुरती शिल्लक आहेत. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ हे त्यांपैकीच एक. १९०७ साली महाराष्ट्र नाटक मंडळींनी ते रंगभूमीवर आणले आणि १९१० साली इंग्रज सरकारने त्यावर बंदी घातली, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. नाटक मात्र क्वचितच कोणी वाचलेले असते. ते आम्ही कसे उभे केले, याची हकिगत सांगते. दिग्दर्शन आणि संहितेचे संपादन ही दोन्ही कामे माझ्याकडे होती.

आमची पहिली पसंती खरे तर ‘आंधळ्यांची शाळा’ ही होती. ब्यर्नसन या नॉर्वेजियन नाटककाराच्या नाटकावरून श्री. वि. वर्तकांनी लिहिलेले आणि नाट्यमन्वंतर या संस्थेने १ जुलै १९३३ रोजी सादर केलेले ते नाटक मराठी रंगभूमीला नवे वळण देणारे मानले जाते. आपल्याकडच्या प्रताधिकार कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे हक्क वारसांकडे राहतात. वर्तक १९५० साली गेले, त्यामुळे संहिता २०११ पासून खुली आहे. पण त्यातली पदे अनंत काणेकरांची आहेत आणि ते १९८० साली गेले, म्हणजे पदांचे हक्क २०४० च्या अखेरपर्यंत कायम आहेत. चालींचा प्रश्न पुन्हा वेगळा. पदे गाळून ते नाटक करणे मला पटेना, आणि रीतसर परवानग्या मिळवण्याइतका वेळ त्या हंगामात हाताशी नव्हता. जुने नाटक करू पाहणाऱ्यांनी संहिता, गीते आणि चाली या तिन्हींचा हिशेब अगदी आरंभीच स्वतंत्रपणे मांडावा, असे मी आवर्जून सांगेन. ‘कीचकवध’ गद्य नाटक आहे आणि खाडिलकर १९४८ साली निवर्तले, त्यामुळे तो मार्ग मोकळा होता.

पुस्तक आम्हाला ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात मिळाले. १८९३ साली स्थापन झालेली ही संस्था आमच्या तालमीच्या जागेपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, याचे महत्त्व मला त्या दिवसांत नव्याने कळले. पानांच्या कडा हात लावताच तुटत होत्या, त्यामुळे झेरॉक्सचा प्रश्नच नव्हता. आम्ही तिघी-चौघी आळीपाळीने बसून वहीत उतरवून घेत असू आणि घरी जाऊन संगणकावर टंकलिखित करीत असू. जुन्या छपाईतले ‘करितों’, ‘कां’, ‘घरीं’ यांसारखे अनुस्वार नटांच्या प्रतीत ठेवले नाहीत. शब्द मात्र एकही बदलला नाही. हाताने उतरवण्याचा एक लाभ असा झाला की, तालमी सुरू होण्याआधीच नाटकाचा अर्धाअधिक भाग आम्हाला पाठ झाला होता.

खरा कस लागला तो संपादनात. त्या काळची नाटके रात्र जागवण्याच्या बेताने लिहिलेली असत. आम्हाला मध्यंतरासह अडीच तासांत पडदा पाडायचा होता. पहिल्या वाचनानंतर गटात दोन मते झाली. एक पक्ष म्हणत होता की, वाक्ये आजच्या बोलीत आणून आटोपशीर करावीत, म्हणजे कथानक सगळे राहील आणि प्रेक्षकही कंटाळणार नाही. माझे मत याच्या अगदी उलट होते आणि आजही आहे. प्रवेश गाळावेत, दुय्यम पात्रे कमी करावीत, एखादा संवाद संपूर्ण वगळावा. पण जे ठेवायचे ते वाक्य खाडिलकरांनी लिहिले तसेच अखंड ठेवावे. लांब वाक्य हा त्या नाटकाचा कणा आहे. पात्र विचार करते ते त्या वाक्याच्या वळणांतून, संतापते तेही त्याच वळणांतून. वाक्याचे तुकडे केले की पात्राकडे केवळ माहिती उरते. महाभारतातली गोष्ट प्रेक्षकांना ठाऊकच असते, तेव्हा निव्वळ गोष्ट पुढे नेणारे प्रवेश आम्हाला निःशंकपणे काढता आले.

या निर्णयाची किंमत मोजावी लागली ती नटांना. आमच्या गटात बँकेत काम करणारे आहेत, ऐरोलीच्या कंपन्यांत नोकरी करणारे आहेत, डोंबिवलीहून गर्दीच्या गाडीने उलट येणारे आहेत. सगळ्यांचा सराव आजच्या नाटकांचा, म्हणजे तुटक बोलण्याचा आणि वाक्य मध्येच सोडून देण्याचा. सैरंध्रीची, म्हणजे अज्ञातवासातल्या द्रौपदीची, भूमिका करणारी मुलगी गुणी आहे, पण सुरुवातीच्या तालमींत तिचे प्रत्येक मोठे वाक्य अर्ध्यावर बसत असे. तेव्हा आम्ही एका ज्येष्ठ रंगकर्मींना तालमीला बोलावले. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि तिला म्हणाले, “बाळा, वाक्य लांब नाहीये, तू श्वास चुकीच्या जागी घेतेयस. क्रियापद कुठे आहे ते आधी शोध बघू.”

त्या संध्याकाळी त्यांनी एकाच वाक्यावर काम केले. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते, त्यामुळे तिथपर्यंत आवाज खाली पडू द्यायचा नाही, हा त्यांचा पहिला नियम. ‘जो’ने सुरू झालेले उपवाक्य ‘तो’ येईपर्यंत उघडे ठेवायचे आणि त्या दोहोंच्या मध्ये श्वास घेतला तरी सूर मिटवायचा नाही, हा दुसरा. तिने प्रतीवर पेन्सिलीने तिरप्या रेघा मारल्या: चोरट्या श्वासाला एक, पूर्ण श्वासाला दोन. मग त्यांनी तिला भिंतीकडे तोंड करून तेच वाक्य कुजबुजत्या आवाजात म्हणायला लावले, नंतर खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत, आणि अखेरीस जमिनीवर बसून. शेवटच्या खेपेला वाक्य सलग आले, आणि ते आले तेव्हा प्रथमच आम्हा सगळ्यांना त्यातला राग ऐकू आला. तोवर ती राग वेगळा ‘दाखवत’ होती. पुढच्या तालमीपासून प्रत्येक नटाच्या प्रतीवर त्या तिरप्या रेघा दिसू लागल्या. १९०७ साली ही भूमिका पुरुष नटाने केली होती, तीही ध्वनिक्षेपकाशिवाय. शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोहोचवण्याची तजवीज या वाक्यांच्या बांधणीतच असावी, असे मला त्या तालमींनंतर वाटू लागले.

दुसरा वाद अर्थाचा होता. त्या काळच्या प्रेक्षकाला कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, सैरंध्री म्हणजे पारतंत्र्यातला देश, कंकभट (अज्ञातवासातला युधिष्ठिर) म्हणजे मवाळ आणि बल्लव (भीम) म्हणजे जहाल, हे कोणी समजावून सांगावे लागत नव्हते. कर्झनने केलेली बंगालची फाळणी १९०५ ची, सुरतेला काँग्रेस दुभंगली ती १९०७ च्या डिसेंबरात. म्हणजे मवाळ-जहाल हा घराघरांतला ताजा वाद होता. खाडिलकर स्वतः टिळकांच्या ‘केसरी’तले. ब्रिटिश पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोल यांनी १९१० सालच्या आपल्या पुस्तकात या नाटकाच्या परिणामाची विस्ताराने दखल घेतली, यावरून सत्ताधाऱ्यांना ते किती झोंबले असेल याची कल्पना येते. आमच्यातल्या एकाने सुचवले की, कीचकाला इंग्रजी लष्करी कोट द्यावा, म्हणजे तरुणांना लगेच कळेल. मी त्याला नकार दिला. कीचकाला कर्झनचा पोशाख घातला की नाटक शंभर वर्षांपूर्वीच्या एका माणसापुरते उरते. कंकभट आणि बल्लव यांच्यातला वाद, म्हणजे अपमान डोळ्यांदेखत घडत असताना धीर किती धरायचा आणि धीर कोणाच्या जिवावर धरायचा, हा कोणत्याही घरात आणि कोणत्याही काळात होणारा वाद आहे. म्हणून वेशभूषा पौराणिकच ठेवली आणि इतिहासाचे एक पानभर टिपण तिकिटासोबत दिले.

प्रमाणपत्र आणि तारीख यांबद्दल थोडक्यात. महाराष्ट्रात नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे सादर करून प्रमाणपत्र घ्यावे लागते. आम्ही मूळ पुस्तक न देता आमची संपादित प्रत दिली, कारण प्रयोग त्या प्रतीबरहुकूमच व्हायला हवा. म्हणजे संपादन आधी पूर्ण व्हावे लागते आणि तालमीत सुचलेले बदल वेळेत आवरावे लागतात. एके काळी सरकारने बंद पाडलेले नाटक रीतसर प्रमाणपत्रासह आमच्या हाती आले, तेव्हा गटातल्या सगळ्यांनी त्या कागदाचा फोटो काढून घरी पाठवला. तारखांचे म्हणाल तर शनिवार-रविवारची सत्रे व्यावसायिक नाटकांना लागतात. आमच्यासारख्यांनी आठवड्यातल्या मधल्या वारांची तयारी ठेवावी.

पहिला प्रयोग आम्ही डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृहाच्या छोट्या प्रेक्षागृहात केला. काळे पडदे, दोन लेव्हल (उंच चौथरे) आणि बल्लवाच्या पाकशाळेची भांडी, एवढेच नेपथ्य. सगळे एका टेम्पोत मावले. मला धाकधूक होती ती पहिल्या पंधरा मिनिटांची, कारण कानाला ती भाषा लागायला तेवढा वेळ जातोच. प्रेक्षक थोडे चुळबुळले, मग स्थिरावले. सैरंध्रीच्या त्या वाक्याला क्रियापद उच्चारले जाताक्षणी टाळी आली. पंचविशीच्या आतली मुले बरीच होती आणि त्यांच्यापैकी कोणी भाषा जड गेल्याची तक्रार केली नाही. त्यांचे प्रश्न सगळे कंकभटाविषयी होते. तो भ्याड आहे की शहाणा, यावर नाट्यगृहाबाहेर रिक्षाच्या रांगेतही वाद चालला होता, आणि एका मुलीने तर मला थांबवून, “ताई, तुमच्या मते कोण बरोबर?” असे सरळ विचारले. मी बल्लवाच्या बाजूची आहे, हे मी तिला सांगितले. कंकभट करणारा नट शेजारीच उभा होता, त्याने लगेच प्रतिवाद सुरू केला.

पुढचा प्रयोग वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात करण्याचा विचार आहे. त्या मोठ्या रंगमंचासाठी हालचाली नव्याने बसवाव्या लागतील आणि गाळलेला एक प्रवेश परत घ्यावा, असे माझ्या मनात आहे. तसे झाले तर सुधारित संहिता पुन्हा मंडळाकडे द्यावी लागेल. दरम्यान मामा वरेरकरांचे ‘सत्तेचे गुलाम’ उतरवून घेण्याचे काम सुरू झाले आहे. १९२२ साली ललितकलादर्शने केलेले हे नाटक. वरेरकर १९६४ साली गेले, त्यामुळे १ जानेवारी २०२५ पासून त्यांचे लेखन खुले झाले आहे. ललितकलादर्श ही संगीत नाटकांची कंपनी, तेव्हा या वेळी गाणारे नट शोधायचे आहेत आणि ऑर्गनची साथ करणारा माणूसही. ठाणे, कळवा, ऐरोली या भागात संध्याकाळी साडेसातनंतर तालमीला येऊ शकणारे कोणी असतील, तर आम्हाला हवे आहेत.