तुम्ही विचारलंत म्हणून: विकायच्या गाडीला आधी कामं काढावीत का?

"गाडी विकायचीय. आधी सगळी कामं करून घेऊ, की आहे तशी देऊन टाकू?" मोटार विम्याचा सर्व्हेयर म्हणून माझं आयुष्य ठोकलेल्या गाड्यांच्या बॉनेटखाली डोकं घालण्यात गेलं, त्यामुळे ग्वाल्हेरच्या आमच्या मराठी मंडळींत हा प्रश्न माझ्याच वाट्याचा. लग्नाच्या पंगतीत विचारतात, गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद हातावर पडायच्या आधी विचारतात. दिवाळी उलटली की विचारणारे वाढतात, कारण ग्वाल्हेरचा वार्षिक मेळा जवळ आलेला असतो. मेळ्याचं पुढे सांगतो.

"थोडी कामं करा, बरीचशी करू नका," एवढं म्हटलं तर कुणाचं समाधान होत नाही. म्हणून सविस्तर.

जुनी गाडी घेणारा माणूस बिघाडाचे पैसे कापत नाही, तो भीतीचे पैसे कापतो. समजा डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा पेटलेला आहे. पुष्कळदा तो दोन-तीन हजारांच्या सेन्सरचा खेळ असतो. पण घेणाऱ्याला तिथे सेन्सर दिसत नाही, उघडलेलं इंजिन दिसतं. "भाईसाहब, गाड़ी में काम है," म्हणून तो सरळ वीस हजार खाली उतरतो, आणि त्याच्या जागी तुम्ही असतात तर तुम्हीही उतरला असतात. उलट बंपरवर हातभर ओरखडा असला तर तो बोट फिरवतो, तोंड वाकडं करतो, हजार-दोन हजारांची घासाघीस करतो आणि विषय संपतो. ओरखड्याची भीती कुणालाच वाटत नाही. तेव्हा प्रत्येक कामाआधी स्वतःला विचारायचं ते इतकंच की खर्च लहान आणि भीती मोठी, असं हे काम आहे का? असेल तर करून टाका. खर्च मोठा आणि भीती तेवढीच किंवा कमी, अशी कामं नव्या मालकासाठी ठेवा.

या हिशोबात बॅटरी बसते. सकाळी लोक बघायला आलेत आणि गाडी किल्ली फिरवल्यावर नुसती टिकटिक करतेय, यापेक्षा वाईट स्वागत नाही. चालू नसलेला हेडलाइट, न उतरणारी काच, करकरणारे ब्रेक पॅड, वायपरची फाटकी रबरं, हेही त्यातच. ब्रेकच्या बाबतीत तर मी विक्रीचा विचारही करू देत नाही. गिऱ्हाईक येईपर्यंत गाडी तुमच्याच घरातली माणसं चालवणार आहेत.

क्लचचं मात्र जरा खोलात जाऊन सांगतो, कारण आपल्या गावात तो लपत नाही. घेणारा जाणकार मिस्त्री बरोबर आणतो आणि मिस्त्री चक्कर मारायला गाडी कुठे नेतो? उरवाई गेटच्या चढावर. किल्ल्यावर जाणारा तो अरुंद, वळणाचा, दोन्ही बाजूंना कड्यात कोरलेल्या जैन मूर्ती असलेला रस्ता आपण पाहुण्यांना दाखवायला नेतो, आणि मिस्त्री त्याच रस्त्यावर मूर्तींकडे ढुंकूनही न बघता क्लच तपासतो. मुद्दाम एक गिअर वरचा टाकतो आणि पाय दाबतो. इंजिनाचा आवाज चढत जातो, पण गाडीचा वेग तेवढाच राहतो, आणि जरा वेळाने जळक्या लायनिंगचा उग्र वास आत येतो. झालं. खाली येईपर्यंत किंमत पडलेली असते. तुमच्या गाडीचा क्लच असा सरकत असेल तर दोन रस्ते. लहान गाडीला क्लच सेट मजुरीसकट साधारण आठ-दहा हजारांत बसतो, तो बसवून बिल दाखवा. नाहीतर आधीच गॅरेजातून लेखी अंदाज घ्या आणि गिऱ्हाईक तोंड उघडायच्या आत सांगा: क्लच संपलाय, हा खर्च आहे, एवढे कमी करून किंमत सांगतोय. दुसरा रस्ता मला जास्त आवडतो. बिघाडाचा आकडा कागदावर आला की त्याच्या डोक्यातला आकडा वाढत नाही.

आता रंगाकडे येऊ. सगळ्यात जास्त पैसा इथेच वाया जातो. दौलतगंजातल्या एका वहिनींनी विचारलं, "भाऊजी, मिस्त्री म्हणतोय अख्खी गाडी रंगवून घ्या, शोरूममधून आल्यासारखी दिसेल. चाळीस हजार सांगतोय." मी म्हटलं, वहिनी, दहा-बारा वर्षांची गाडी शोरूममधून आल्यासारखी दिसली तर मी तरी ती घेणार नाही. जुन्या गाडीवर नवा रंग बघून घेणारा पहिला विचार करतो तो अपघाताचा. मीही तेच करत आलोय. बॉनेट उघडलं की माझी नजर इंजिनावर जात नाही, फेंडरच्या, म्हणजे पुढच्या चाकावरच्या पत्र्याच्या, बोल्टांवर जाते. कारखान्यातून आलेल्या बोल्टच्या डोक्यावरचा रंग अखंड असतो. एकदा पाना लागला की कडा खरवडतात, त्या कधीच पूर्ववत होत नाहीत. मग दाराची रबरी पट्टी ओढून खालचे स्पॉट वेल्ड, म्हणजे पत्रे जोडणारे ठिपके, बघायचे, ते ठरावीक अंतरावर, गोल, एकसारखे असायला हवेत. रबरावर रंगाची धूळ बसलेली असली की गाडी रंगवलीय हे कळलंच. शेवटी सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढायचा. पाण्यात बुडालेल्या गाडीचं सगळं धुतात, पण बेल्टच्या आतल्या टोकाला चिखलाची रेघ राहून जाते.

या सगळ्या खुणा आता घेणाऱ्यांनाही माहीत झाल्यात. वहिनींची गाडी कधी ठोकलेली नव्हती, दारांवर आपल्या गल्ल्यांची नेहमीची खरवड होती, बस. ते चाळीस हजार खर्चून त्या चांगल्या गाडीवर स्वतःच संशय ओढवून घेणार होत्या. त्याऐवजी आतून व्हॅक्यूम, सीट धुणं, बाहेरून साधं पॉलिश आणि सर्व्हिसची सगळी बिलं तारखेवार एका फायलीत, एवढं करायला सांगितलं. रंग किती जणांनी वाखाणला असता ठाऊक नाही, फाइल मात्र प्रत्येकाने उघडून बघितली.

टायर अगदीच गुळगुळीत असतील तरच बदला, आणि तेही स्वतः वापरायला लागणार असेल तर. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. घेणारा ते वाचतो. चारही नवेकोरे घालून ती रक्कम वसूल होत नाही.

एसीबद्दल दोन शब्द, कारण ग्वाल्हेरचा मे-जून काय असतो ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. पारा ४५ च्या पलीकडे गेल्यावर थंड न होणारी गाडी दुपारी कुणी बघतसुद्धा नाही. नुसती गॅस कमी असेल तर भरून घ्या, स्वस्तात होतं. पण गॅस गळतेय हे माहीत असताना आठ दिवस पुरेल एवढी भरून गाडी खपवायची, हा उद्योग करू नका. गावात लश्कर, मुरार आणि हजीरा एवढंच तर आहे. तो माणूस महिन्याभरात भाजी मंडईत भेटणार. कंप्रेसर गेला असेल तर तो बदलायच्या भानगडीत पडू नका, किंमत कमी करा आणि हिवाळ्यात विका.

इथवर लिहिलं ते घरगुती गिऱ्हाइकाला धरून. गाडी डीलरला देणार असाल तर हिशोबच बदलतो. डीलरचा पोचे काढणारा डेंटर बांधलेला, सुटे भाग घाऊक भावात, मजुरी अर्धी. तुम्हाला दहा हजारांना पडलेलं काम त्याच्या लेखी पाच हजारांचं असतं, आणि भाव देताना तो त्याचे पाच धरतो, तुमचे दहा नाही. त्यामुळे डीलरकडे जाणारी गाडी धुऊन, टायरमध्ये हवा भरून न्यावी, यापलीकडे एक रुपया घालू नये. तो भाव कमी देणार हे धरूनच चाला. बदल्यात वेळ वाचतो, आणि अनोळखी लोकांना रविवारी चहा पाजत बसायला लागत नाही.

आता मेळा. १९०५ साली माधवराव शिंद्यांनी सुरू केलेला हा मेळा एकेकाळी गुराढोरांचा होता, आज तो गाड्यांचा आहे. मेळ्यात घेतलेल्या नव्या गाडीवर सरकार रोड टॅक्समध्ये ५० टक्के सूट जाहीर करतं, तेव्हा आसपासच्या जिल्ह्यांतली माणसंही इथेच गाडी घ्यायला येतात. जो तो नवी घेणार म्हणजे जो तो जुनी काढणार. जानेवारी-फेब्रुवारीत जुन्या गाड्यांची रांग लागते आणि भाव बसतो. त्यातच दिल्लीत दहा वर्षांच्या डिझेल आणि पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीची टांगती तलवार आल्यापासून तिकडच्या गाड्या एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, घेऊन मध्य प्रदेशात उतरू लागल्या. आपल्या एम.पी. ०७ च्या, म्हणजे ग्वाल्हेरच्या नंबराच्या, गाडीला अशा दिल्लीवाल्या गाडीशी टक्कर द्यावी लागते, आणि ती बहुतेक वेळा दिसायला चकचकीत असते. म्हणून माझा सल्ला: गाडी गॅरेजात घालून महिना काढण्यापेक्षा दसरा-दिवाळीच्या सुमारास विकून मोकळे व्हा आणि मेळ्यापर्यंत स्कूटरवर फिरा. वेळ साधल्याने जेवढा फायदा होतो तेवढा डेंटिंग-पेंटिंगने होताना मी पाहिलेला नाही. अर्थात घरात म्हातारी माणसं असतील, रोज दवाखान्याच्या फेऱ्या असतील, तर स्कूटरचा सल्ला विसरा. तोटा सोसा, पण गाडी दारात असू द्या.

गाडी पंधरा वर्षांच्या जवळ आली असेल तर प्रश्न मिस्त्रीचा राहत नाही, आरटीओचा होतो. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची; पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवायची. एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० झाली. आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या कागदावर, चार महिने उरलेली गाडी कुणी हातात धरत नाही, पण नूतनीकरण झालेली तीच गाडी लोक घेतात, कारण आरटीओच्या खेटा तुम्ही घातलेल्या असतात. अशा गाडीवर खर्च करायचाच तर तो तपासणीत पास होण्यापुरता करा: दिवे, ब्रेक, हॉर्न, धूर. सायलेन्सरमधून निळा धूर येत असेल तर इंजिन तेल पितंय. मग इंजिन बांधायला घेऊ नका. एवढा खर्च या वयाच्या गाडीतून परत येत नाही. मान्यताप्राप्त स्क्रॅप केंद्रात दिलीत तर जे प्रमाणपत्र मिळतं त्यावर केंद्राच्या नियमांप्रमाणे नव्या खासगी गाडीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देता येते. गल्लीतल्या भंगारवाल्याकडून ते मिळत नाही.

लोक दुरुस्तीचा एवढा घोळ घालतात आणि कागदाच्या वेळी "भरवशाचा माणूस आहे, करून घेईल" म्हणून सोडून देतात. माझ्या धंद्यात सगळ्यात हळहळायला लावणाऱ्या फायली याच होत्या. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की आरसीवर ज्याचं नाव, तोच मालक. गाडी तुमच्यानंतर तीन हातांतून गेली आणि चौथ्याने कुणाला उडवलं, तरी विमा नसेल तर भरपाईसाठी दार तुमचंच ठोठावलं जाणार. म्हणून मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या समोरासमोर, आणि १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं. कर्ज फिटलेलं असेल तर बँकेची एनओसी आणि आरसीवरची कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५ गिऱ्हाईक शोधायच्या आधीच आणून ठेवा. डीलरला देत असाल तर तो आरटीओकडे अधिकृत नोंदलेला आहे का ते विचारा. तसा असेल तर एप्रिल २०२३ पासून फॉर्म २९ सी भरून गाडीची जबाबदारी त्याच्यावर टाकता येते. विम्यातला नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) गाडीचा नसतो, तुमचा असतो. कंपनीकडून त्याचं पत्र घ्या, तीन वर्षांत नव्या गाडीला लावता येतं. पन्नास टक्क्यांपर्यंत गेलेला बोनस लोक जुन्या गाडीबरोबर असाच सोडून देतात, आणि बंपरच्या ओरखड्यासाठी रात्रभर जागतात!

किल्ली देताना ताबा पावतीवर तारखेबरोबर वेळही लिहा, कारण ऑनलाइन चलान मिनिटासकट येतं. आणि काचेवरचा फास्टॅग बंद करून, खरवडून काढूनच गाडी द्या. नाहीतर नवीन मालक सहकुटुंब मथुरा-वृंदावन करून येईल आणि आग्र्याच्या रस्त्यावरचा टोल तुमच्या खात्यातून कापला जाईल.