मोहाच्या दिवसांतला मुक्काम : वासाची पिशवी, दोरी आणि 120 पावलं

मार्चचा दुसरा मुक्काम झाला. जागा तीच, पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमधलं (जंगलाभोवतीच्या पट्ट्यातलं) काकांचं शेत.

वासाने अस्वल तंबूपर्यंत येऊ नये म्हणून या खेपेला वासाच्या वस्तूंची झडती नागपुरातच घेतली. सॅक उपडी केली आणि एकेक वस्तू नाकाशी धरली. ठेचा, लाडू विसरत नाही कुणी. राहून जातात ते टूथपेस्ट, साबण, डासांचं मलम. जॅकेटच्या आतल्या खिशात संत्रा बर्फीचा डिसेंबरपासूनचा कागद सापडला. बर्फी कधीचीच संपलेली, तरी वास येत होता. हे सगळं आता एकाच जाड पिशवीत जातं. स्वयंपाकाचे कपडेसुद्धा तंबूत नेत नाही.

अमेरिकेत योसेमिटीच्या जंगलात मुक्कामाला अस्वलाला न उघडणारा डबा सक्तीचा आहे आणि तो जमिनीवरच ठेवतात. माझ्याकडे तसा डबा नाही, म्हणून पिशवी फांदीला टांगतो : जमिनीपासून 4 मीटर वर, खोडापासून 2 मीटर दूर. आपलं अस्वल झाडावर सहज चढतं, त्यामुळे खोडापासूनचं अंतर सोडून चालत नाही. दोरीला दगड बांधून फांदीवरून टाकायचा सराव घरामागच्या कडुलिंबावर केला. पहिल्यांदा 25 मिनिटं लागली होती, आता 8 लागतात. पिशवी आणि चूल, दोन्ही तंबूपासून 120 पावलांवर.

आपलं अस्वल मुख्यतः वाळवी, मुंग्या, मध आणि फळाफुलांवर जगतं. माणूस अचानक जवळ आला की बिथरून अंगावर येतं, धोका खरा तो. तरी शिध्याची चटक लावायची नाही. एकदा सोकावलं की ते पुन्हा येणार, आणि त्यात त्याचाही जीव जातो.

तंबूची जागा मात्र काकांनी बदलायला लावली. "मोहाखाली नको टाकू बापू, पहाटं फुलं खायले येते ते." सगळं सामान बांधलं, पण डोक्यावरच्या मोहाचा वास माझ्या यादीत नव्हता. तंबू उचलून पार बांधावर नेला.

पहाटे मोहाकडून पाचोळा वाजत राहिला. उजाडेपर्यंत काकांनी कुणाला बाहेर पडू दिलं नाही. नंतर पाहिलं तर फुलं साफ, आणि मातीत ठसा : बोटं जवळजवळ एका रेषेत, नखांच्या खुणा त्यांच्यापासून बऱ्याच पुढे. पिशवी जशीच्या तशी.

पुढच्या वेळी जाड दोरी नेतो, ही फांदीवर घासली गेलीय.